मराठेशाहीच्या इतिहासकारांचा कोश: कामाच्या नोंदी

४ जुलै २०२३

नावांची यादी आज पहिल्यांदा एकत्र झाली. चार वह्या, दोन स्प्रेडशीट आणि सरांच्या खिशातल्या चिठ्ठ्या मिळून २१२ नावे. त्यातली किती टिकतील ते पुढे बघू. आम्ही चौघे आहोत. मी संपादनाचे बघतो, ताई मोडी वाचतात, सर फारसी बघतात आणि आमचा तरुण सहकारी पुस्तकांच्या आवृत्त्या तपासतो.

सर्वात आधी नोंदीचा साचा ठरवला: नाव, जन्म, मृत्यू, शिक्षण, ग्रंथ, मूल्यमापन. दिसायला नीटनेटका आहे. पण सभासदाची नोंद या साच्यात घालून पाहिली तर सहापैकी चार रकाने कोरे राहिले. सभासद, म्हणजे शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत, कधी जन्मला, कुठे शिकला, हे कळायला मार्ग नाही. तरी त्याच्याशिवाय हा कोश उभाच राहणार नाही.

११ जुलै

दिवसभर वाद. इतिहासकार कोणाला म्हणायचे? सरांचे म्हणणे, ज्याने मराठ्यांच्या राज्याविषयी घडून गेलेले म्हणून काही लिहिले तो. ताईंचे म्हणणे, मग इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी कुठे सलग इतिहास लिहिला? त्यांनी कागद छापले आणि प्रस्तावना लिहिल्या. काशिनाथ नारायण साने यांनी तर इतरांच्या बखरी शोधून छापल्या. सान्यांना वगळून बखरकारांविषयी एक ओळ तरी लिहिता येईल का?

संध्याकाळी मार्ग निघाला, तोही ताईंच्याच बोलण्यातून. त्या म्हणाल्या, "त्या माणसाने स्वतः कोणता कागद डोळ्यांनी पाहिला, एवढे मला सांगा. बाकीचे मी समजून घेईन." साच्यात सातवा रकाना घातला: पाहिलेली साधने. जिथे खात्री नाही, पण अंदाज बांधता येतो, तिथे पुढे 'अनुमान' असे लिहायचे. मूल्यमापनाच्या आधी हा रकाना यायचा. तो भरल्याशिवाय मूल्यमापन लिहायला घ्यायचे नाही, असेही ठरले.

२६ जुलै

सभासद. बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीला लिहिली गेली. रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेलेला. म्हणजे लिहिणारा माणूस शिवाजी महाराजांच्या काळात वावरलेला, पण लिहिताना राजधानीपासून शेकडो मैल दूर, वेढ्यात आणि दफ्तराविना. घटनांचा क्रम त्याच्याकडे मागेपुढे होतो, त्याचा दोष पुढच्या अनेकांनी त्याला दिला आहे. सातव्या रकान्यात मी लिहिले: 'स्वतःची आठवण, दरबारातील माणसांचे बोलणे. दफ्तर हाताशी नाही.' हे लिहिल्यावर क्रमाची गडबड दोष वाटेनाशी झाली. आठवणीतून लिहिणारा माणूस महत्त्वाप्रमाणे सांगतो, तारखेप्रमाणे नाही.

९ ऑगस्ट

माझ्या हातून मोठी चूक झाली. ती इथे सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुरवणीच्या वेळी कोणी पुन्हा करणार नाही.

पेशवेकाळातल्या पत्रांवर वर्ष बहुधा शुहूर सनाचे असते आणि तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा सन सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतो, म्हणून शेतकऱ्यांच्या तोंडी तो मृगसाल. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. मी सरसकट ५९९ मिळवत गेलो. त्यामुळे पानिपतच्या दिवसांतली पत्रे, म्हणजे जानेवारी १७६१ ची, माझ्या तक्त्यात जानेवारी १७६० मध्ये जाऊन बसली. दत्ताजी शिंदे बुराडीला पडले तो महिना आणि भाऊसाहेब पडले तो महिना एकच झाला. ताईंनी तक्ता पाहिला आणि काही न बोलता दोन ओळींवर बोट ठेवले.

त्यात आणखी एक मेख आहे. वर्ष सौर असले तरी पत्रातला महिना चांद्र असतो: मोहरम, सफर, रबिलावल. तारखेआधी जो 'छ' दिसतो तो चंद्राचा. त्यामुळे एकाच शुहूर सनात एखादा मुसलमानी महिना दोनदाही येऊ शकतो, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. अशा वेळी पत्रातला मजकूर वाचल्याशिवाय तारीख ठरत नाही. १७२८ च्या पुढच्या तारखांना मोडकांची जंत्री, म्हणजे निरनिराळ्या सनांच्या तारखा जुळवून देणारे पुस्तक, आहे, पण जंत्रीसुद्धा मजकूर वाचून देत नाही.

१३७ तारखा पुन्हा तपासायला घेतल्या.

१६ ऑगस्ट

तपासणी झाली. १९ तारखा चुकलेल्या होत्या. दुरुस्त केल्या.

तारखांचेच आणखी थोडे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने पंचांग चालवले आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. सुरतेवरचा छापा जानेवारी १६६४ चा, पण इंग्रज वखारीच्या कागदांत तो १६६३ मध्येच दिसतो. पोर्तुगीजांचे पंचांग १५८२ पासूनच नवे. म्हणजे एकाच दिवसाला सुरतेत एक तारीख आणि गोव्यात दहा दिवस पुढची. राज्याभिषेक ६ जून १६७४ हा जुन्या गणनेने, नव्या गणनेने तो १६ जून. कोशात सतराव्या शतकासाठी जुनीच गणना ठेवायची आणि प्रत्येक ठिकाणी मूळ तिथी सोबत द्यायची, असा निर्णय. तिथी मूळ कागदावर असते, इंग्रजी तारीख आपण बसवलेली असते.

२ सप्टेंबर

मल्हार रामराव चिटणीस. ही नोंद लिहायला मला तीन आठवडे लागले आणि अजून समाधान नाही.

बखर सातारची, दुसऱ्या शाहू छत्रपतींच्या सांगण्यावरून लिहिलेली, साधारण १८१० च्या सुमारास पुरी झालेली. लिहिणारा बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातला. बाळाजी आवजी म्हणजे शिवछत्रपतींचे चिटणीस. १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी कटाच्या संशयावरून त्यांना देहान्त शिक्षा दिली. पुढे सव्वाशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या माणसाने लिहिलेल्या बखरीत संभाजी महाराज दुर्वर्तनी, उतावळे, सल्ला न ऐकणारे असे उभे राहतात. एकोणिसाव्या शतकातल्या अनेकांनी तेच चित्र उचलले. आपल्या आजोबांच्या पिढीने तेच खरे मानले.

वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे कागद जमवून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र छापले, पाठोपाठ १९७१ मध्ये कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले, आणि ते चित्र बदलले. एकाच वेळी मोगल, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याशी झुंजणारा राजा तेव्हा कुठे नीट दिसू लागला. या दोन्ही नोंदी मी मुद्दाम सविस्तर लिहिल्या आहेत. अस्सल पत्रे, फारसी अखबार म्हणजे मोगल दरबारची बातमीपत्रे, पोर्तुगीज कागद हे सगळे शेजारी ठेवून वाचले म्हणजे काय होते, ते इथे दिसते.

पण चिटणिसांच्या नोंदीत 'घराण्याच्या वैरामुळे विपर्यास केला' एवढे एक वाक्य लिहून मोकळे व्हायला मन घेईना. पहिल्या खर्ड्यात तेच वाक्य होते. मग आठवले की बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ त्याच राज्याची सेवा करत राहिला, जिंजीच्या कठीण काळात राजाराम महाराजांच्या पाठीशी उभा राहिला आणि पुढे शाहू महाराजांच्या बाजूनेही. घराण्याच्या आठवणीत नुसते वैर असते तर हे कसे घडले असते? घरात एक जखम होती आणि एक निष्ठाही होती, आणि बखर दोन्हींमधून आली आहे. सातव्या रकान्यात आता असे आहे: 'घराण्यातील दफ्तर, सातारा दरबारातील कागद, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तोंडी माहिती.' मूल्यमापनात लिहिले की संभाजी महाराजांविषयीचा भाग स्वतंत्र पुराव्याशिवाय वापरू नये, मात्र राज्यकारभाराच्या तपशिलासाठी बखर पुन्हा वाचावी.

सरांनी नोंद वाचून फक्त "आता ठीक" म्हटले. त्यांच्याकडून एवढे पुष्कळ आहे.

१९ सप्टेंबर

अकारविल्हे लावताना अडचण. संगणक 'क्ष' आणि 'ज्ञ' आपल्या नियमाने लावतो, छापील मराठी कोशांची रीत वेगळी. शिवाय कोणाला आडनावाखाली घ्यायचे? राजवाडे आडनावाखाली, पण सभासद 'सभासद' मध्ये, 'शिवभारत' लिहिणारा परमानंद 'परमानंद' मध्ये. वाचक ज्या नावाने शोधेल ते नाव धरायचे. पर्यायी नावांच्या ४१ उलटनोंदी केल्या.

८ ऑक्टोबर

ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, पेशवाई बुडाल्यावर लगेच नेमलेला. ग्रंथ १८२६ मध्ये तीन खंडांत निघाला, मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत झाले आणि पोरांनी शाळेत तेच वाचले. जिंकणाऱ्याने लिहिलेला इतिहास हरलेल्यांच्या मुलांना क्रमिक पुस्तक म्हणून मिळाला. हे लिहिताना आजही बोचते. तरी त्याचा सातवा रकाना भरगच्च आहे: छत्रपतींचे कागद, पेशव्यांचे दफ्तर, इंग्रज वखारींचे कागद, फारसी हस्तलिखिते आणि जिवंत माणसांच्या मुलाखती. एवढे सगळे एका माणसाच्या हाती त्याच्याआधी कधी आले नव्हते.

याच्या लगतच नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची नोंद. ऐन तारुण्यात त्यांनी डफच्या बखरीवर टीका लिहिली. ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकात आली. मराठी कागद न वाचता मराठ्यांचा इतिहास पुरा होत नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. नोंद लहान, तरी मी ती दोनदा वाचून काढली. पुढच्या दहा-बारा वर्षांत, १८७८ मध्ये, साने, मोडक आदी मंडळींचा 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला आणि बखरी धडाधड छापून निघू लागल्या. त्या कामाला जमीन कीर्त्यांनी नांगरून दिली होती, असे मला वाटते.

३ नोव्हेंबर

राजवाडे. जन्म १८६३ वरसईचा, मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ धुळ्याचा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे २२ खंड, पहिला १८९८ मध्ये. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत ते आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे.

माहिती एवढी आहे की नोंद चार हजार शब्दांपर्यंत गेली. मर्यादा तीन हजारांची. काय कापायचे? त्यांच्या स्वभावाच्या गोष्टी प्रत्येक पुस्तकात आहेत: एकटे राहणे, हाताने स्वयंपाक करणे, फटकळपणा, भांडणे. त्या वाचायला सगळ्यांना आवडतात. मी त्याच कापल्या. त्याऐवजी हे ठेवले की खंडातल्या कागदांत आधी कालनिर्णय, मग टीप, मग प्रस्तावना असे तीन थर आहेत आणि तिन्ही वेगवेगळे वाचावे लागतात. प्रस्तावनेतली त्यांची कित्येक अनुमाने आता टिकत नाहीत. पण ज्या पत्रांवर ती उभी केली ती पत्रे टिकली आहेत, आणि त्यातली मूळ प्रत जिथे नाहीशी झाली तिथे राजवाड्यांचा छापील मजकूर हेच आता मूळ.

'ग्रंथ' या रकान्याचे काय करायचे? सलग इतिहास नाही. शेवटी प्रस्तावनांची यादी स्वतंत्र ग्रंथांसारखी दिली. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' ची प्रस्तावना शहाजीराजांविषयी आहे, ती एखाद्या ग्रंथाहून कमी नाही.

१४ डिसेंबर

वासुदेवशास्त्री खरे. मिरजेला संस्कृत शिकवणारे शिक्षक, नाटककार, कवी. पटवर्धन सरदारांच्या घराण्यातले कागद त्यांनी वर्षानुवर्षे वाचले, नकलून काढले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापत गेले. उत्तर पेशवाई, हैदर, टिपू, खर्ड्याची लढाई यांविषयी आपण जे काही नेमके सांगू शकतो त्यातले बरेचसे या माणसाच्या डोळ्यांखालून गेले आहे. शाळा सुटल्यावरच्या वेळातले काम आहे हे.

ताईंनी त्यांची छापील पत्रे मोठ्याने वाचून दाखवली. पत्रांमधली जोडटीप अशी आहे की दहा पत्रे वाचताना एक गोष्ट ऐकल्यासारखे वाटते. खरेशास्त्री कथेकऱ्यासारखे लिहितात, पण पत्राबाहेर पाऊल टाकत नाहीत. नोंद लिहिताना मीही तसे लिहायचा प्रयत्न केला, जमले नाही.

११ जानेवारी २०२४

फारसीकडचा विभाग. सरांनी तीन नोंदी एकदम आणून दिल्या.

खाफीखान, मोगलांचा इतिहासकार. शिवाजी महाराजांना शिव्या देतो, आणि त्याच हाताने लिहून ठेवतो की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावू नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. शत्रूच्या लेखणीतून आलेली साक्ष म्हणून हे वाक्य सगळे देतात. सरांनी नोंदीत आधी शिव्याही दिल्या आहेत, हे मला पटले. दोन्ही शेजारी असल्याशिवाय साक्षीला वजन येत नाही.

भीमसेन सक्सेना. बुऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगलांच्या चाकरीत दख्खनभर हिंडलेला, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिलेला. त्याच्या 'तारीखे दिलकुशा' मध्ये लढायांपेक्षा धान्याचे भाव, ओस पडलेली गावे, थकलेले सैन्य जास्त दिसते. औरंगजेबाचा दख्खनेत कसा दम निघाला, हे मोगल छावणीत बसून सांगणारा माणूस.

आणि काशीराज पंडित. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या चाकरीतला दक्षिणी ब्राह्मण, पानिपतच्या लढाईवेळी प्रत्यक्ष त्या छावणीत हजर. १७८० मध्ये त्याने हकीकत फारसीत लिहिली, जेम्स ब्राउनने ती इंग्रजीत आणली आणि मराठी वाचकाला ती इंग्रजीवरून मिळाली. हा कोणत्या विभागात जाणार, मराठी की फारसी? माणूस आपला, भाषा परकी, उभा राहिला तो समोरच्या बाजूला, आणि तहाच्या बोलण्यांत दोन्हीकडचे ऐकलेला. आमचा सहकारी म्हणाला, "विभागच काढून टाकूया." दहा मिनिटे सगळे गप्प होते. मग विभाग काढून टाकले. कोश आता सलग अकारविल्ह्याने लागेल, भाषेप्रमाणे नाही. सहा महिन्यांची मांडणी एका दुपारी मोडली आणि कोणाला वाईट वाटले नाही.

१२ फेब्रुवारी

सरदेसाई आणि जदुनाथ सरकार. एक बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला रियासतकार, दुसरा बंगाली, फारसीचा पंडित, मराठी कागदांसाठी मराठी शिकलेला. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. पेशवे दफ्तरातल्या रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले, ते सरदेसायांच्या संपादनाखाली, आणि त्या कामामागे जदुनाथांचा आग्रह होता. पुण्यातल्या अनेकांचे या दोघांशी पटत नव्हते. ते वाद नोंदीत दोन वाक्यांत आटोपले. ज्याने एक रुमाल सोडून त्यातले कागद चाळले आहेत, त्याला ४५ खंड चार वर्षांत काढणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांच्या नोंदीत 'ग्रंथ' खाली न लिहिलेला ग्रंथही घेतला आहे. शिवचरित्र पुरे होण्याआधी, १९६३ मध्ये, ते गेले. प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढे १९६४ मध्ये निघाले. त्या आराखड्यावरून पुढे किती जणांनी काम केले आहे ते पाहिले तर तो ग्रंथ नाही असे म्हणवत नाही.

पिसुर्लेकर, गणेश हरी खरे, सेतुमाधवराव पगडी: मजकूर तयार, तारखा तपासून झाल्या.

५ मार्च

शेवटची अडलेली नोंद. जेधे शकावली.

शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या घटना, एकेका ओळीत. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यात सापडलेली. टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा आहे. बखरींतली शके १५४९ ची वैशाखातली तिथी तोवर रूढ होती. मी आज पुन्हा हिशेब करून पाहिला. शकात १२ मिळवून ६० ने भागले की उरते तो संवत्सराचा क्रम. १५६३, बाकी ३, तिसरा संवत्सर शुक्ल. बरोबर. १९ फेब्रुवारी १६३० ला वारही शुक्रवारच येतो. आणि परमानंदाचे शिवभारत, ज्याची पोथी तंजावरला मिळाली, तेही हीच तिथी देते. कारी आणि तंजावर इतकी लांबची दोन ठिकाणे, आणि तिथी एक. राज्य सरकारने २००१ मध्ये हीच तारीख धरली.

हे लिहिणारा कोण, ते कागद सांगत नाही. सहकाऱ्याचे म्हणणे होते की नाव नाही तर नोंद नको, परिशिष्टात टाकू. ताईंनी मान हलवली. मी साचा समोर ठेवला. नाव: कोरे. जन्म: कोरे. मृत्यू: कोरे. शिक्षण: कोरे. ग्रंथ: शकावली. पाहिलेली साधने: जेधे घराण्यातील कागद व टिपणे, अनुमान.

मुख्य कोशातच घेतली, 'ज' मध्ये, 'जेधे शकावलीकार' या नावाने. कोरे रकाने काढून न टाकता तसेच कोरे छापायचे, असे मुद्रकाला कळवले. त्याचा दुपारी फोन आला, चार ओळींत मजकूर राहून गेला आहे का विचारायला. राहिलेला नाही, असेच जाऊ द्या, असे सांगितले.